हिरा घरी पारखताना या चुका टाळा

काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, ही समजूत अजून घराघरांत आहे. मोहस् मापावर काचेचा कठीणपणा साधारण 5.5, अमेरिकन डायमंडचा 8 ते 8.5, मॉइसनाइटचा 9.25; हे दोन्ही हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे. गारगोटीसुद्धा काच ओरबाडते. तेव्हा ओरखड्यावरून कळतं ते एवढंच, की खडा काचेचा नाही. हातोडीच्या तर वाटेला जाऊच नका. हिरा कठीण असला तरी चिवट नाही. ठरावीक दिशांना तो सरळ चिरतो.

श्वासाची वाफ चटकन उडाली तर हिरा, हेही अर्धवट खरं. मॉइसनाइटवरूनही ती तशीच उडते, कारण तोही उष्णता झपाट्याने वाहून नेतो. उलट अस्सल हिऱ्यावर तेला-साबणाचा थर बसला असेल तर वाफ रेंगाळते. पेनासारखा डायमंड टेस्टर उष्णता वाहून नेण्याच्या याच तत्त्वावर चालतो, म्हणून साधा टेस्टर मॉइसनाइटलाही हिरा ठरवतो. टोक सोन्याला टेकलं, खडा ओला असला किंवा त्याच खड्यावर लागोपाठ टेकवत राहिलं, तर खूणही भलतीच मिळते. विजेची चाचणीही करणारा टेस्टर बहुतेक मॉइसनाइट वेगळे काढतो.

त्यापेक्षा 10 पटीचं भिंग बरं. दागिना उघड्या कोंदणातला असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, पुसा. भिंग डोळ्याला लावून खडा सुमारे अडीच सेंटिमीटरवर धरा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वरच्या सपाट पैलूतून सरळ खाली बघणं. मॉइसनाइटची खूण तिथून बहुधा लपते. खडा तिरका करून बाजूच्या पैलूंतून तळाकडे बघा: मागच्या पैलूंच्या कडा जोडीने, दोन-दोन रेघांच्या दिसल्या तर तो हिरा नाही. अमेरिकन डायमंडमध्ये कडा दुहेरी दिसत नाहीत, पण वापरलेल्या खड्याच्या कडा गुळगुळीत झिजलेल्या असतात. खूप सप्तरंग फेकणाऱ्या खड्यावर भाळू नका. या दोन्ही नकलांचे रंग हिऱ्यापेक्षा जास्त उधळतात.

सुटा खडा असेल तर काटाच बोलतो. 6.5 मिलिमीटरचा गोल हिरा सुमारे 1 कॅरेट, म्हणजे 200 मिलिग्रॅम. त्याच मापाचा अमेरिकन डायमंड सुमारे 1.7 कॅरेट भरतो. (बाजारात त्यालाच ‘झिरकॉन’ म्हणतात, पण झिरकॉन हा वेगळा, नैसर्गिक खडा.)

जुन्या हिऱ्याच्या कुड्या, मध्ये एक नि भोवती सहा खडे, बहुधा बंद कोंदणात असतात. मागे चमकीचा वर्ख असेल तर पाणी आत शिरून तो काळवंडतो आणि खरा हिराही मेल्यासारखा दिसतो. त्या धुऊ नका, सराफाकडेच न्या.

हॉलमार्क आणि त्यातला सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सोन्याच्या शुद्धतेसाठी असतो, खड्याबद्दल काही सांगत नाही.

लॅबमध्ये वाढवलेला हिरा हा हिराच असतो; वरची कुठलीच युक्ती त्याला नैसर्गिक हिऱ्यापासून वेगळा काढत नाही. त्यासाठी जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. खड्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, नंबर कोरलेला असला तर तो भिंगाखाली अहवालाशी जुळवा, आणि मिलिमीटरमधली मापंही ताडून बघा. नंबर दुसऱ्या खड्यावरही कोरता येतो.