‘चपळ’ नक्की कोणाला म्हणायचं आणि कसं वापरायचं

परवा मालवणात आमच्याकडे नारळ पाडायला पाडेली आला होता, पन्नाशी उलटलेला माणूस, बाणवली माड म्हणजे २० मीटरच्याही वर जाणारं झाड आणि हा खाचांत पाय रोवत बघता बघता शेंड्याला पोचला पण. शेजारची काकी म्हणाली, "कसो सरसर चढता बघ!" पुण्याहून आलेला भाचा म्हणतो, "मामा, किती फास्ट ना!" अरे फास्ट काय, चपळ म्हण.

तर पहिलं काम, हालचाल नीट बघा. नुसता वेग पुरत नाही. कोकणकन्या कितीही जोरात धावली तरी तिला कोणी चपळ म्हणणार नाही, ती रुळांना बांधलेली. याउलट किनाऱ्यावर आपलं पाऊल वाजलं की तो फिकट खेकडा आडवा पळतो, मधेच दिशा बदलतो आणि सुळकन बिळात, हा चपळ. अंग हलकं पडणं, तोल न जाणं आणि ऐनवेळी वळता येणं, हे तिन्ही हवं. आकाराने लहान असायलाच हवं असं मात्र नाही हं, भीमरूपीतला मारुती पर्वताएवढा आहे तरी ‘चपळांग’च, आणि तेही विजेसारखा. संस्कृतात वीजेला चपला म्हणतातच.

व्याकरण सोपं आहे. चपळ मुलगा, चपळ मुलगी, चपळ पोरं, शब्द बदलत नाही. पण क्रियापदाला जोडायचा तर ‘चपळाईने’ करा: पाडेली चपळाईने चढला.

आता घोळ होतो तो इथे. एका जागी ठरत नाही ते चंचल, मन चंचल असतं. आणि कालचा बांगडा ताजा म्हणून गळ्यात मारते ती कोळीण चलाख, ती पाटावरून हलत पण नाही!

लिहिताना चित्र उभं करायचं असेल तर चपळ शब्दच टाळा खरंतर. सरसर चढला, खाडीतल्या चिखलात निवटा मासा टुणकन उडाला, मांजर झपकन माशावर पडलं, असं लिहा, वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

आणि मोबाईलवर टाईप केलंत तर पाठवायच्या आधी एकदा वाचा. मी वहिनीला लिहिलं होतं, तुमची मुलगी फार चप्पल आहे. दोन दिवस बोलल्या नाहीत.