साऊथॅम्प्टनच्या क्रूझआधी मुक्काम कुठे? आईबाबांच्या पायांना झेपेल असं गाव

मुंबईहून लंडनपर्यंत नऊ-दहा तासांचा विमानप्रवास आणि दुसऱ्याच दिवशी बोट, हे सत्तरीतल्या माणसांना झेपत नाही. विमान किंवा सामान उशिरा आलं तर बोट थांबतही नाही. म्हणून आधीच्या किमान दोन रात्री हाताशी ठेवा आणि त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साऊथॅम्प्टन बंदराजवळ नव्हे, शेजारच्या न्यू फॉरेस्ट या जंगल-माळरानाच्या भागातल्या गावात काढा.

गावाचे फोटो नंतर बघा, आधी रेल्वेचा नकाशा बघा. लिंडहर्स्ट देखणं आहे, पण तिथे स्टेशन नाही, शिवाय उन्हाळ्यात तिथल्या एकेरी रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. बर्लीलाही रेल्वे नाही. सगळ्यात फसवं ब्यूली. ‘ब्यूली रोड’ नावाचं स्टेशन आहे खरं, पण ते गावापासून काही मैल लांब, माळरानात. नावावर विसंबून तिकीट काढलं तर बॅगांसकट तिथेच अडकायला होतं.

आमची पसंती ब्रॉकनहर्स्टला. स्टेशन गावातच आहे, साऊथॅम्प्टन सेंट्रलला थेट गाडीने साधारण वीस मिनिटं लागतात आणि लंडन वॉटर्लूहूनही थेट गाडी आहे. ब्रुकली रोड ही तिथली बाजाराची गल्ली. रस्ता जवळपास सपाट. किराणा, औषधं, चहा सगळं चालत मिळतं. खोली याच रस्त्याच्या आसपास घ्या. स्टेशनला लागूनच मुख्य रस्त्यावर रेल्वे फाटक आहे. त्याच्या पलीकडे राहिलात तर दुधाच्या पिशवीसाठीही फाटक उघडायची वाट बघत उभं राहावं लागेल. ब्रुकली रोडच्या दुसऱ्या टोकाला ओढा रस्त्यावरूनच वाहतो. पाऊस झाला की तिथलं पाणी चढतं, म्हणून त्याच्याही अलीकडे राहिलेलं बरं.

बुकिंगआधी हॉटेलला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, नसल्यास लिफ्ट आहे का? शॉवर बाथटबच्या आत आहे की वेगळा? इन्सुलिनसाठी फ्रिज मिळेल का? यातला शॉवरचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. जुन्या इंग्लिश घरांत टबची कड गुडघ्याइतकी उंच असते. ओल्या पायाने, धरायला दांडी नसताना ती ओलांडणं हा गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सगळ्या प्रवासातला मोठा धोका आहे. ‘वॉक-इन शॉवर’ असं स्पष्ट लिहून मागा.

उन्हाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे जातं, त्यामुळे पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि नाश्ता आठला. मधुमेह असेल तर खोलीत खाकरा, मेतकूट, केळी हवीतच. भारतातून दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे घरीच ठेवा.

गावात घोडे, गाढवं, गायी मोकळ्या फिरतात. घोड्या-गाढवांना खायला घालणं किंवा हात लावणं यावर 2023 मध्ये 100 पौंडांचा दंड लागू झाला, आणि गाढव पिशवीत तोंड घालायला कचरत नाही. फिरताना रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी लागली तर त्यावरून चालू नका, काठी आणि पाय दोन्ही अडकतात. बाजूचं फाटक वापरा. रात्री बाहेर पडणार असाल तर टॉर्च लागेलच. जमल्यास सेंट निकोलस चर्चच्या आवारात जाऊन या, मात्र टॅक्सीने, कारण ते टेकाडावर आहे. पहिल्या महायुद्धात इथे भारतीय जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. त्यातल्या काहींच्या कबरी या आवारात आहेत, आणि गावात मीरत (म्हणजे मेरठ) रोडही आहे.

रेल्वेत चढ-उतरायला मदत हवी असेल तर ‘पॅसेंजर असिस्ट’ किमान दोन तास आधी नोंदवा. ही सेवा मोफत आहे. रविवारी रुळांचं काम निघून गाडीऐवजी बस येऊ शकते, म्हणून बोटीच्या दिवशी दोन मोठ्या बॅगांसह टॅक्सीच बरी. रस्त्याने साधारण 22 किलोमीटर अंतर आहे, पण वाट लिंडहर्स्टवरूनच जाते, तेव्हा तासभर धरा. गावात टॅक्सी मोजक्याच असतात. खोली ठरली की लगेच टॅक्सीही ठरवा आणि बॅगांची संख्या सांगा.

ड्रायव्हरला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ सांगून भागत नाही. ओशन आणि क्वीन एलिझाबेथ 2 ही टर्मिनल पूर्वेच्या गोदीत, डॉक गेट 4 कडे आहेत. सिटी, मेफ्लॉवर आणि होरायझन पश्चिमेच्या गोदीत. टर्मिनल ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून आदल्या संध्याकाळी ई-तिकीट पुन्हा उघडून बघा.