रोजच्या शब्दांचे मूळ कसे शोधावे

शब्दाचे मूळ शोधताना उच्चारातील साम्याचा मोह सर्वांत आधी आवरावा लागतो. फारसीतील ‘बद’ आणि इंग्रजीतील ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे व अर्थही एकच आहे. तरीही या दोन शब्दांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

आरंभ कोशापासून करावा. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अनेक शब्दांपुढे मूळ भाषेची खूण दिलेली आहे, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) तर याच कामासाठी रचलेला आहे. मात्र कोशातील व्युत्पत्ती हे कोशकाराचे मत असते, म्हणून दोन्ही ताडून पाहावेत.

त्यानंतर ध्वनिबदलाची कसोटी लावावी. माझ्या मते खरा निर्णय येथेच होतो. संस्कृत ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ आणि मराठीत ‘सात’ झाला. ‘कर्ण’ हा ‘कण्ण’वरून ‘कान’ झाला. जोडाक्षरातील भिन्न व्यंजने आधी एकरूप होतात, मग त्यांपैकी एक गळते आणि मागचा स्वर दीर्घ होतो. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ ही मालिकाही अशीच आहे, फक्त तिच्यातील महाप्राण (‘थ’मध्ये ऐकू येणारा ‘ह’चा अंश) मराठीने सोडला आणि हिंदीने ‘हाथ’मध्ये राखला. सुचलेली व्युत्पत्ती अशा नियमात बसत नसेल, तर ती कितीही आकर्षक असली तरी बाजूला ठेवावी.

परभाषेतून आलेल्या शब्दांना हा नियम लागू पडत नाही. तेथे संपर्काचा काळ तपासावा. ‘चावी’, ‘पगार’ आणि ‘घमेले’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये किल्लीसाठीच्या शब्दाचा आरंभ ‘श’ने होतो, परंतु पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले त्या काळी तेथे ‘च’ होता आणि मराठीने तोच जुना उच्चार जपला आहे. शब्द कधी आला याची साक्ष त्याच्या पहिल्या अक्षरातच मिळावी, हे मला फार विलक्षण वाटते.

अर्थही प्रवासात बदलतो. ‘बटाटा’ पोर्तुगीजांमार्फत आला खरा, पण मुळात तो कॅरिबियन बेटांवरील ताईनो भाषेतील शब्द असून तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. त्यामुळे नोंद करताना मूळ भाषा, मध्यस्थ भाषा आणि प्रत्येक टप्प्यावरील अर्थ हे वेगवेगळे लिहावेत, आणि एखादा टप्पा सापडला नाही तर ती जागा तर्काने न भरता रिकामी सोडावी.