घरासाठी आयडिया हव्यात? वही घ्या आणि शेजारच्या गल्ल्यांमधून एक चक्कर मारा

मागच्या वर्षी आमच्या गॅलरीचं काय करायचं यावर घरात तीन महिने नुसत्या चर्चा चालल्या होत्या, रात्री जेवणं झाली की मोबाइल घेऊन बसायचं, फोटो बघायचे, सेव्ह करायचे, एकमेकांना पाठवायचे आणि झोपायचं. फोटो सुंदरच होते पण बहुतेक सगळे थंड देशांतले, तिथलं ऊन मवाळ, आणि जून ते सप्टेंबर आडवा पाऊस वगैरे काही नाही. तसल्याच एका फोटोवरून मी पीस लिलीच्या चार कुंड्या आणून आमच्या पश्चिमेच्या गॅलरीत मांडल्या आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी होऊन पापडासारख्या मोडायला लागल्या. फार वाईट वाटलं.

उत्तर मिळालं ते घरापासून दहा मिनिटांवर. प्रभात रोडच्या एका आतल्या गल्लीत जुनी तीन मजली बिल्डिंग आहे, दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेचीच गॅलरी, आणि दुपारी साडेचारच्या ऐन उन्हात ती हिरवीगार. खाली उभी राहून नीट बघितलं तर ग्रिलवरून मधुमालती वर चढवलेली, सगळं ऊन ती अंगावर घेत होती आणि तिच्या आडोशाला आत फर्न, मनी प्लांट आणि हो, पीस लिलीसुद्धा, मस्त टवटवीत. म्हणजे कणखर झाड पुढे आणि नाजूक मंडळी मागे, एवढंच करायचं होतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की घर आणि बाग सजवायची असेल तर आधी आपलाच एरिया बघायचा, कारण तिथे जे दहा-वीस वर्षं टिकलंय ते तुमच्याच उन्हात, तुमच्याच पावसात आणि तुमच्याच पाण्याच्या टायमिंगमध्ये टिकलंय. मी पुण्याची म्हणून उदाहरणं पुण्याची देते, पण दादरची हिंदू कॉलनी असो, नाशिक असो नाहीतर फोंडा, पद्धत तीच.

निघायच्या आधी घरचं ऊन मोजा, हे बहुतेक लोक करतच नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि साडेचारला गॅलरीच्या फरशीवर ऊन जिथपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा, संध्याकाळी त्याचा एक फोटो काढून ठेवा. दिशा मोबाइलच्या कंपासवर बघा, "बहुतेक पूर्व असावी" असं नको. आणि एक लक्षात ठेवा की ही रेघ वर्षभर एकाच जागी राहत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, मग जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, आणि डिसेंबरात दक्षिणेला इतका उतरतो की भर दुपारीही साधारण 48 अंशांवरच असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन पार आतल्या सोफ्यापर्यंत येतं आणि उन्हाळ्यात तेच ऊन छज्जा बाहेरच अडवतो. हे कळलं की जुन्या बंगल्यांचे छज्जे एवढे रुंद का असतात ते आपोआप समजतं.

आता वेळ. तुमच्या गॅलरीत ज्या वेळी सगळ्यात जास्त ऊन असतं त्याच वेळी फिरायला निघा, थोडा त्रास होतो पण तेव्हाच खरं कळतं कुठलं झाड मान टाकतंय आणि कुठलं ताठ उभं आहे, सकाळी साडेसहाला तर सगळीच झाडं छान दिसतात. दुसरी चक्कर जोराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच. तिसरी दिवेलागणीला, तेव्हा कंपाउंडचे आणि जिन्यातले दिवे दिसतात, पिवळा उजेड कुठे बरा वाटतो आणि पांढरा कुठे डोळ्यात खुपतो ते कळतं. लोकांच्या उघड्या खिडक्यांतून आत टक लावून बघायचं नाही एवढं मात्र पाळा.

पावसानंतरच्या चकरेबद्दल जरा सविस्तर सांगते कारण मी सगळ्यात जास्त त्यातूनच शिकले. पाऊस थांबल्यावर भिंतींकडे बघा. नव्या बिल्डिंगच्या पांढऱ्या कंपाउंड वॉलवर खालच्या दीड-दोन फुटांत चिखलाचे शिंतोडे, त्यावर शेवाळ, आणि शेजारच्याच जुन्या बंगल्याचं जोतं काळ्या दगडाचं, त्यामुळे तिथेही तेवढाच चिखल उडालेला असतो पण दिसत नाही. दगड परवडणार नसेल तर भिंतीच्या खालच्या भागाला गडद रंगाचा पट्टा द्या, काम तेच होतं. मग मान वर करून छज्ज्याची खालची बाजू बघा, एका बंगल्याच्या छज्ज्याला कडेपासून दोन बोटं आत एक बोटभर रुंदीची खाच सरळ रेषेत काढलेली होती, मी तिथे उभी राहून पाणी बघत होते, थेंब कडेवरून खाली वळायचा, खाचेपर्यंत यायचा, तिथे लोंबायचा आणि टपकन खाली, भिंतीपर्यंत पोचायचाच नाही. भिंत कोरडी! आमच्या बिल्डिंगला ही खाच नाही आणि प्रत्येक खिडकीच्या बाजूने काळे ओघळ आलेत. घराचं बाहेरचं काम काढणार असाल तर मिस्त्रीला तेवढं आवर्जून सांगा. आणि कौलारू घर दिसलं तर पागोळ्या जिथे पडतात तिथली जमीन बघा, जुन्या लोकांनी तिथे फरशी नाहीतर खडी टाकलेली असते म्हणजे माती उडत नाही. आम्ही गच्चीवर पाइपचं पाणी पडतं तिथे एका पसरट घमेल्यात गोटे भरून ठेवलेत, शिंतोडे बंद.

पेठांमधून फिरत असाल तर दारं आणि ओटे बघा. शनिपाराजवळ विश्रामबागवाडा आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, त्याच्या दर्शनी भागाचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब सगळ्यांनी बघितलेले असतात, पण तसे खांब टू बीएचकेत कोण उभे करणार. तिथून घ्यायची गोष्ट वेगळी आहे, लाकडाचा गडद तपकिरी रंग आणि बाकी सगळं शांत, म्हणजे एकच गोष्ट बोलते आणि बाकीच्या तिला बोलू देतात. वाड्यांमधला कोनाडा घ्या. भिंत जाड असायची म्हणून कोनाडे निघायचे, आपल्या भिंती पातळ, पण दाराच्या मागे किंवा खांबाच्या बाजूला जी वीतभर जागा वाया जाते तिथे दोन फळ्या मारल्या की तो कोनाडाच झाला, चाव्या, उदबत्ती, मोबाइलचा चार्जर सगळं तिथे.

साठ-सत्तरच्या दशकातल्या बिल्डिंगमध्ये जिन्यात डोकावता आलं तर फरशी बघाच, चिप्सची मोझॅक फरशी, कडेला गडद पट्टा, आणि अजून नवी असल्यासारखी. त्याहून जुन्या घरांत डिझाइनच्या सिमेंटच्या टाइल्स दिसतात, त्या भट्टीत भाजलेल्या नसतात, साच्यात रंग ओतून दाबून केलेल्या असतात आणि रंगाचा थर जाड असतो म्हणून वर्षानुवर्षं पायाखाली येऊनही नक्षी पुसत नाही. मुंबईत भारत टाइल्स 1922 पासून त्या बनवतेय. अख्ख्या घराला महाग पडतील, पण दाराशी किंवा देवघरापुढे नऊ-बारा टाइल्सचा चौकोन बसवला तरी रूप बदलतं.

माप घ्यायला टेप नको, लोक विचित्र नजरेने बघतात. घरी एकदा आपली वीत मोजून ठेवा (माझी साडेसात इंच भरते) आणि पाऊल मोजून ठेवा. कंपाउंडच्या कट्ट्याची उंची, ग्रिलच्या दोन गजांमधलं अंतर, पायरीची रुंदी, सगळं वितीने होतं. बसायचा कट्टा साधारण सतरा-अठरा इंचांचा असेल तर बरा पडतो, याहून उंच असेल तर आजी-आजोबांचे पाय लोंबकळतात. हे मी ओळीने सहा कट्ट्यांवर बसून बघितलंय!

फोटो काढायचे तर तुकड्यांचे काढा, ग्रिलची नक्षी, कडीकोयंडा, कुंडीचा स्टँड. अख्खं घर, माणसं, नावाची पाटी, गाडीचा नंबर फोटोत घेऊ नका, आणि कोणी बाहेर उभं असेल तर आधी विचारा. विचारल्यावर आजवर मला कोणी नाही म्हणालेलं नाही, उलट आत बोलावतात.

आणि बोलायलाच पाहिजे, कारण नुसतं बघून अर्धंच कळतं. त्या मधुमालतीवाल्या काकूंना मी खालूनच म्हणलं, "काकू, वेल फार सुंदर आहे हो, किती वर्षांची?" त्या म्हणाल्या, "अगं सोळा वर्षं झाली, वर ये ना, खालून काय दिसणार तुला." वर गेल्यावर कळलं की वेल कुंडीत नाहीच, जुन्या पाण्याच्या ड्रममध्ये आहे, ड्रम बरोबर खांबाशेजारी ठेवलाय कारण वजन तिथे पेलतं, आणि दर वर्षी फुलांचा बहर संपला की काकू निम्मी वेल छाटतात. फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात आणि मग लाल, म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "सुंदर आहे" एवढंच म्हणून थांबू नका, पाणी किती घालता, खत काय, छाटणी कधी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "आधी काय लावलं होतं जे जगलं नाही?" हे विचारा. या एका प्रश्नाने माझे बरेच पैसे वाचलेत.

वजनाचं आलंच आहे तर सांगते, बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज वीस किलो भरते. कठड्यावर कुंड्या ठेवूच नका, कोणाच्या घरी कितीही छान दिसल्या तरी. ग्रिलला टांगायच्या असतील तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) जास्त आणि माती कमी असं मिश्रण करा आणि सोसायटीला विचारून करा.

झाडं बघताना वहीत तीनच गोष्टी लिहा, झाडाचं नाव, दिशा, महिना. नाव माहीत नसेल तर विचारा. असं वर्षभर लिहिलं की तुमच्या एरियाचं कॅलेंडर तयार होतं. माझ्या वहीत उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जुई, पाऊस सरत आला की पारिजातक आणि थंडीत कुंद असं आलंय, म्हणजे चार कुंड्यांत जवळजवळ वर्षभर वास. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागतंच, उत्तरेच्या गॅलरीत नुसती पानं येतात. बोगनवेल पश्चिमेला खुशाल लावा आणि फुलायच्या दिवसांत तिला पाणी जरा कमीच द्या, जास्त लाड केले की पानंच वाढतात. सोनचाफा कुंडीत हवा असेल तर कलमी घ्या, बीपासून केलेला फुलायला वर्षानुवर्षं लावतो.

न विचारता फांदी तोडायची नाही, कंपाउंडच्या बाहेर आलेली असली तरी नाही. विचारून मिळाली तर पेन्सिलएवढ्या जाडीची, वीतभर लांब, खालचा काप तिरका, ओल्या कागदात गुंडाळून घरी. जून-जुलैत जास्वंद, मोगरा, मधुमालती अशा फांद्यांवर सहज लागतात. आणि लागली की त्या घरी जाऊन सांगून या, जमलं तर आपल्याकडचं एखादं रोप घेऊन जा. त्या काकूंना मी गवती चहाचा ठोंब दिला, आता आमचं येणं-जाणं आहे.

एक गोष्ट मनाला लागते ती म्हणजे हे बंगले एकेक करून पडतायत, रीडेव्हलपमेंटची पाटी लागली की सहा महिन्यांत तिथे पत्रे उभे. अशा वेळी काम करणाऱ्या माणसाला विचारा की दारं, ग्रिल, खिडक्या कुठे जाणार, बऱ्याचदा तिथेच विकतात. आमच्या गॅलरीत वेल चढवायला जे ग्रिल आहे ते असंच एका पडलेल्या बंगल्याच्या खिडकीचं आहे, घासून, रेड ऑक्साइड मारून, वर हिरवा रंग दिला. तिथे नाही मिळालं तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा. मातीच्या कुंड्यांना कुंभारवाडा आणि तांब्याच्या भांड्यांना कसब्यातली तांबट आळी. दोन्हीकडे आपल्या मापाचं करून देतील का विचारा, आणि ते माप तुमच्या वहीत असायला पाहिजे.

घरी आल्यावर मात्र लगेच काही विकत घेऊ नका. वही महिनाभर तशीच ठेवा आणि मग उघडा, ज्या पानावर परत जावंसं वाटतं तीच गोष्ट करा, आणि एका वेळी एकच. आम्ही पहिल्यांदा फक्त वेल लावली, दोन महिन्यांनी काळ्या कडाप्प्याचा छोटा कट्टा केला, दिवाळीच्या आधी भिंतीला खाली गेरूच्या रंगाचा पट्टा दिला. पीस लिलीच्या त्या चार कुंड्यांपैकी दोन वाचल्या, त्या आता वेलीच्या मागे आहेत आणि मागच्या आठवड्यात एकीला पांढरं फूल आलंय.