पुढचा ब्रेक उजवीकडे की डावीकडे? सायकलच्या ब्रेकच्या या चुका टाळा

आपल्याकडे सायकलचा उजवा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक आणि डावा म्हणजे मागचा, हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणी मुद्दाम शिकवतही नाही. डबेवाल्यांच्या काळ्या सायकलींचे दांड्याचे ब्रेक बघा नाहीतर सोसायटीतल्या पोरांच्या गियरच्या सायकली, हिशोब तोच. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, जपानमध्येही असंच आहे. पण अमेरिकेत आणि युरोपातल्या बहुतेक देशांत बरोब्बर उलटं, डाव्या हाताला पुढचा आणि उजव्या हाताला मागचा. आणि मुंबईत आता अशा उलट्या सायकली बऱ्यापैकी फिरतायत, कोणाचा भाऊ न्यू जर्सीहून परत येताना घेऊन आला, कोणी पवईत एखाद्या परदेशी माणसाकडून सेकंडहँड घेतली, कोणी फ्रेम आणि पार्ट बाहेरून मागवून बांधून घेतली. सायकल महागाची, ब्रेक जबरदस्त, आणि नेमकं म्हणूनच जास्त जपायचं, कारण असा ब्रेक भलत्या चाकाला लागला तर माणूस हँडलवरून पुढे जाऊन पडतो.

हा कंपनीचा दोष नाही हं. सायकलींचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ४२१०, त्यातच म्हटलंय की सायकल ज्या देशात विकायची तिथल्या कायद्याप्रमाणे किंवा पद्धतीप्रमाणे लिव्हर लावा. ब्रिटनमध्ये २०१० च्या नियमांत नवीन सायकलला उजवीकडे पुढचा ब्रेक असं लिहिलेलंच आहे, आणि अमेरिकेच्या नियमात डावीकडे पुढचा, गिऱ्हाईकाने सांगितलं तर बदलून द्यायची मुभा आहे. असं का, तर बहुतेक वेळा हाताच्या सिग्नलचं कारण सांगतात. आपण डावीकडून चालवतो, उजवीकडे वळताना समोरची ट्रॅफिक कापायची असते म्हणून उजवा हात बाहेर काढतो, तेव्हा डाव्या हातात मागचा ब्रेक राहिलेला बरा, एका हाताने हँडल धरलेलं असताना पुढचा ब्रेक करकचून लागला तर तोल जातो. उजवीकडून चालवणाऱ्या देशांत सगळंच आरशातल्यासारखं उलटं होतं. मला हे कारण पटतं, पण अख्खं जग काही या हिशोबाने चालत नाही, इटलीत उजवीकडून गाड्या चालतात तरी बऱ्याच जुन्या लोकांच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजवीकडेच असतो.

चूक: न बघताच सायकलवर बसणं

मित्राची सायकल, भाड्याची सायकल, सर्व्हिसिंगहून परत आलेली स्वतःची सायकल, कुठलीही असो, आधी बघा. सायकलच्या बाजूला उभं राहा, हळू पुढे ढकला आणि एकच लिव्हर दाबा. पुढचं चाक अडकून मागचं उचललं गेलं तर तो पुढचा, आणि मागचं चाक अडकून घसटत आलं तर तो मागचा. नाहीतर नुसती केबल बघा, एक हँडलवरून सरळ खाली फोर्ककडे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्याकडे, जाते ती पुढची आणि दुसरी फ्रेमच्या पाइपावरून मागे जाते. हल्ली केबल फ्रेमच्या आतून नेतात त्यामुळे नुसतं बघून कळत नाही, तिथे ढकलूनच बघायचं.

आणि सर्व्हिसिंगहून आलेल्या सायकलचं मी उगाच नाही म्हणत. हँडल काढून परत बसवताना केबली अदलाबदल होतात. घरपोच आलेली खोक्यातली सायकल घरी जोडताना तर कित्येकदा फोर्कच उलटा राहतो, म्हणजे पुढचा ब्रेक फोर्कच्या मागच्या बाजूला फ्रेमकडे तोंड करून बसतो. तशी सायकल चालते, पण स्टिअरिंग विचित्र लागतं आणि केबलला पीळ बसतो. ब्रेक फोर्कच्या पुढे आहे ना, एवढं बघितलं तरी कळतं. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर, म्हणजे चकती चिमटीत पकडणारा भाग, फोर्कच्या डाव्या पायावर दिसायला हवा, तोही बहुतेक सायकलींत मागच्या बाजूला.

चूक: स्कूटरची सवय सायकलवर आणणं

हे खास आपल्याकडचं. घरी बिनगियरची स्कूटर असते, तिचाही उजवा लिव्हर पुढचाच, त्यामुळे भारतीय पद्धतीच्या सायकलशी जुळतं, ते चांगलंच आहे. पण एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नवीन दुचाक्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी सोय, लागतेच, आणि बहुतेक स्कूटरमध्ये हा कॉम्बी डाव्या लिव्हरवर असतो, तो दाबला की मागच्यासोबत पुढचाही थोडा लागतो. मग हाताला सवय होते की डावा दाबला की गाडी थांबते, काम झालं. सायकलला असं काही नसतं, डावा म्हणजे फक्त मागचा. एस. व्ही. रोडवर मधूनच थांबलेल्या रिक्षाच्या मागे सायकल घसटत जाते ती अशीच.

आणि घरात एक सायकल अमेरिकन पद्धतीची, दुसरी आपली आणि वर स्कूटर असं तर अजिबात ठेवू नका. शांतपणे चालवताना डोकं सांभाळून घेतं, घाबरल्यावर नाही. घाबरल्यावर हात सवयीनेच चालतो, म्हणून सगळ्या गाड्या एकसारख्या करून घ्या, अमुक एकच पद्धत बरोबर असा माझा हट्ट नाही.

चूक: पुढच्या ब्रेकला हातच न लावणं

लहानपणी आपल्या सगळ्यांना सांगितलेलं असतं, पुढचा दाबू नकोस, तोंडावर पडशील. या एका वाक्यामुळे मोठी माणसंही आयुष्यभर फक्त मागच्यावर चालवतात, आणि मला याची खरंच काळजी वाटते. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्याला दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं, म्हणजे पकड पुढे असते. मागचं हलकं झालेलं चाक जरा जोरात दाबलं की लॉक होतं आणि घसरतं. कोरड्या डांबरावर फक्त मागच्या ब्रेकने थांबायला ढोबळमानाने दुप्पट अंतर लागतं. ताशी २५ किलोमीटरला पुढचा नीट वापरला तर साधारण ५ मीटर, फक्त मागचा तर १० मीटर, आणि हा फरक म्हणजे पुढेमागे उभ्या केलेल्या दोन रिक्षा.

पालथं पडायची भीती खोटी नाही, पण ते होतं ब्रेक एकदम खेचल्याने आणि हात ढिले असल्याने. धड पुढे फेकलं जातं, वजन हँडलवर येतं आणि सायकल उलटते. म्हणून दोन बोटं लिव्हरवर, हात कोपरातून जरा घट्ट, पार्श्वभाग सीटवर मागे सरकवायचा आणि दाब हळूहळू वाढवायचा. मागचं चाक हलकं वाटलं की पुढचा किंचित सोडायचा. याची प्रॅक्टिस रविवारी सकाळी बीकेसीच्या रिकाम्या रस्त्यावर करा, आधी चालायच्या स्पीडला, मग वाढवत.

अपवाद आहेत. पावसात पेव्हर ब्लॉक, गटाराची लोखंडी झाकणं, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, ऑईल सांडलेला सिग्नल, वळणावरची वाळू. तिथे पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही, म्हणून आधीच स्पीड कमी करायचा आणि मागच्यावर भर द्यायचा. आणि रिमचे ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर रबर दाबणारे, ओले असतील तर चाकाच्या पहिल्या एकदोन फेऱ्यांत रबर फक्त पाणी पुसतं, ब्रेक नंतर लागतो, तेवढं अंतर हातात ठेवा.

चूक: लिव्हरच इकडचा तिकडे करणं

उलटी सायकल सुलटी करायला गल्लीतल्या सायकलवाल्याकडे नेली की कधी कधी तो अख्खे लिव्हरच बदलायला निघतो. गियर बदलायचे खटके, म्हणजे शिफ्टर, लिव्हरमध्येच असतील, रेसिंग सायकलला असतात तसे, तर गियरपण उलटे होतील. बदलायच्या फक्त ब्रेकच्या केबली. आतली तार नवीन घाला, आधी आवळलेली तार पुन्हा आवळली की तिचे धागे तुटायला लागतात. तारेचा मणीही बघून घ्या, सरळ हँडलच्या लिव्हरला आडवा ढोलासारखा गोल मणी लागतो आणि वळलेल्या रेसिंग हँडलला छोटा, पेरूच्या आकाराचा. एकाला कानस मारून दुसरा बनवून देणारे आहेत, त्यांना ठाम नाही म्हणा.

बाहेरचं कव्हरही बहुतेक वेळा नवीनच लागतं कारण बाजू बदलली की जुनं आखूड पडतं किंवा आवळ वळण घेतं. इथे एक गोष्ट स्वतः डोळ्याने बघा. कव्हर कापलेल्या टोकाकडून बघितलं तर ब्रेकच्या कव्हरात चपट्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी दिसते आणि गियरच्या कव्हरात बारीक बारीक सरळ तारांचे ठिपके गोलात दिसतात. ब्रेकचं सहसा ५ मिलिमीटर जाड, गियरचं ४. दुकानात ब्रेकचं संपलं म्हणून गियरचं लावून देतात, आणि जोरात ब्रेक मारला की त्या सरळ तारा प्लास्टिक फाडून बाहेर येतात, म्हणजे नेमका जिवावर बेतलेला असताना ब्रेक जातो. यावर तडजोड नाहीच.

हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक असेल तर काम अनुभवी मेकॅनिककडेच द्या. होज, म्हणजे तेलाची नळी, काढली की हवा शिरते, जोडाचे छोटे पितळी भाग नवीन घालावे लागतात, मग ब्लीड करावं लागतं, म्हणजे आतली हवा काढून टाकावी लागते. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑईल असतं, एसरॅम कंपनीच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड नावाचं वेगळं ब्रेक ऑईल, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबरी सील खराब होतात. मेकॅनिकने कुठली बाटली उघडली ते उभं राहून बघा, त्याला राग आला तरी चालेल. सरळ हँडलचे काही लिव्हर दोन्ही बाजूंना चालतात, ते असतील तर होज न उघडताच काम होतं, आधी हे विचारा. आणि दांड्याचे ब्रेक असतील तर बदलायच्या भानगडीत पडू नका, त्यांची जोडणीच एका बाजूला ठरलेली असते.

काम झाल्यावर दुकानातच हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, ब्रेक आपोआप लागत असेल किंवा केबल ताणली जात असेल तर कव्हर आखूड कापलंय. मग प्रत्येक लिव्हर पूर्ण ताकदीने पाचसहा वेळा दाबा, तार नटातून सरकणार असेल तर ती इथेच सरकू दे. लिव्हर ग्रिपला टेकत असेल तर तार आवळा, आवळूनही टेकला तर रेसिंगचा लिव्हर व्ही-ब्रेकला, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे असलेल्या रिमच्या ब्रेकला, जोडलाय का बघा, तो पुरेशी तार ओढतच नाही. बायका आणि मुलांच्या हाताला लिव्हर लांब पडतो, त्याला बहुतेक लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतो.

ॲमस्टरडॅमला जाणार असाल तर अजून एक, तिथल्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक हँडलवर नसतोच, पॅडल उलटं दाबलं की तो लागतो. आपल्याला चालत्या सायकलवर उगाच पॅडल मागे फिरवायची सवय असते, तिथे तसं केलं की सायकल जागेवर थांबते. दुकानदाराला विचारा आणि त्याच्याच गल्लीत दोन चकरा मारून मग ट्रॅमच्या रस्त्यावर जा.