टोमॅटो लाल होईनात? उन्हाळ्यात या चुका टाळा

रोप टोमॅटोंनी लगडलंय, फळांनी आकारही पुरता धरलाय, पण रंग काही बदलत नाही. अशा वेळी आपला हात स्वस्थ बसत नाही आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात महागात पडते ती खताची घाई. फळं पिकावीत म्हणून युरिया टाकला की रोप पानांनी माजतं, फळं मात्र आहेत तशीच राहतात. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन 30 अंशांच्या वर नीट तयार होत नाही. 20 ते 25 अंशांत रंग उत्तम चढतो. म्हणजे अडचण भुकेची नसून उकाड्याची असते. दुपारी सावलीची जाळी धरा आणि थांबा. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत तसेही 45 ते 60 दिवस लागतात.

ऊन लागावं म्हणून पानं ओरबाडू नका. पिकायला ऊब पुरते, थेट ऊन लागत नाही. उघड्या पडलेल्या फळावर पांढरट, कागदासारखा चट्टा उठतो आणि ते फळ वाया जातं. हे बघताना जीव हळहळतो.

चार दिवस पाणी विसरायचं आणि पाचव्या दिवशी बादलीभर ओतायचं, हेही नको. फळं तडकतात. बुडाशी काळा चट्टा पडतो, कारण मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत पोचत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या. वर पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच.

मी स्वतः फळ पूर्ण लाल होईपर्यंत थांबत नाही. आधी बूड पांढरट पडतं, मग तिथे गुलाबी छटा उमटते. तेव्हाच तोडून घरात ठेवायचं. काही दिवसांत लाल होतं. फ्रिजमध्ये मात्र नको, चव जाते.

भेंडी, काकडी, वांगी यांच्या बाबतीत वाट बघणं हीच चूक. भेंडी फुलानंतर 4 ते 6 दिवसांत तोडा, नाहीतर निबर होते. वेलावर एक काकडी जरी जून झाली, तरी नवी धरायची मंदावतात.

कलिंगडाला धीर लागतो, कारण तोडल्यावर गोडी वाढत नाही. देठाजवळचा तणावा, म्हणजे वेलाचा गुंडाळलेला तंतू, वाळू द्या, आणि जमिनीला टेकलेली बाजू पांढऱ्याची लोण्यासारखी पिवळी झाली का, ते वाकून बघा.