जग संपणार असं फॉरवर्ड आलं की काय करायचं

मागच्या महिन्यात अण्णाकाकांनी फॅमिली ग्रुपवर रात्री पावणेबाराला एक व्हिडिओ टाकला. मागे धडधड म्युझिक आणि एक माणूस घोगऱ्या आवाजात सांगतोय की एआय माणसाला संपवणार, पाचच वर्षं उरलीत. खाली मावशीचा मेसेज, "मग फ्लॅटचा हप्ता भरायचा का नाही?" मी हसलो, पण हसता हसता पोटात जरा खड्डाही पडला, कारण असले व्हिडिओ मी पूर्वी बघायच्या आधीच डिलीट मारायचो आणि या वेळी ते जमेना.

विज्ञान आपल्याला मारणार का, हा प्रश्न असा अख्खा घेतला तर हाताला काहीच लागत नाही, एक जण लस म्हणतो, दुसरा अणुबॉम्ब म्हणतो, आणि चहा गार होतो. एकेक भीती सुटी करून बघावी लागते. मी कसं बघतो ते लिहितोय. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही हां, फिजिक्समध्ये बीएस्सी केली आणि आता बँकेत लोनच्या फायली बघतो, त्यामुळे पद्धतही थोडी तशीच आहे, आधी कागद तपासा मग सही.

पहिलं, "सगळे मरणार" का "काही जण मरू शकतात"?

आमच्या आजीकडे स्कायलॅबची गोष्ट आहे. १९७९ च्या जुलैमध्ये अमेरिकेची ही सत्त्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली येणार होती आणि नेमकी कुठे पडणार हे नासालाच सांगता येत नव्हतं. माण तालुक्यातल्या आमच्या गावात बातमी पोचेपर्यंत तिचं "आभाळ पडणार" झालं होतं. आजोबांनी गटारीसाठी राखलेला बोकड पंधरा दिवस आधीच कापला, मरायचंच आहे तर उपाशी कशाला म्हणाले, आणि शेजारच्यांना जेवायला बोलावलं, ज्याच्याशी बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद होतं त्यालासुद्धा. ११ जुलैला स्कायलॅब पडली, काही तुकडे हिंदी महासागरात आणि काही पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वर तिथल्या नगरपालिकेने कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलरचा दंड ठोकला. इकडे गटारीला आजोबांकडे बोकड नव्हता, आणि आजी अजूनही हे रागानेच सांगते.

भीती अगदीच खोटी होती असं पण नाही, तुकडा एखाद्या घरावर आला असता तर ते घर गेलंच असतं. पण घर जाणं वेगळं आणि माणूसजात जाणं वेगळं. १९८४ साली भोपाळमध्ये एका रात्रीत हजारो माणसं गेली, त्याला कुणी छोटी गोष्ट म्हणू नये, पण तरी ती "काही जण" मध्येच येते. हा फरक केला की निम्मे फॉरवर्ड इथेच गळतात. "सगळे" च्या कप्प्यात माझ्या मते फार थोड्या गोष्टी उरतात: अणुयुद्ध, लॅबमध्ये बनलेला एखादा रोगजंतू, आणि एआयचं अजून ठरायचंय. हवामान बदल मी दोन्हींच्या मधे ठेवतो, त्याने माणूसजात संपेल असं वाटत नाही, पण आमच्या माणमधल्या माणसाला हे सांगून काय उपयोग, त्याच्यासाठी विहीर आटली की जगच आटलं.

दुसरं, मेसेजमध्ये तपासता येईल अशी एक तरी गोष्ट शोधा. एकच पुरे. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत मेसेज फिरत होता की लोक कोरोनाने नाही तर फाइव्ह जीच्या टेस्टिंगमुळे मरतायत. रेडिएशन, पेशी, कसली कसली लांबलचक नावं, ते सगळं सोडा. टेस्टिंग चालू आहे का, एवढंच बघायचं. दूरसंचार खात्याने मे महिन्यात खुलासा केला की देशात फाइव्ह जीची ट्रायल अजून कुठेही सुरूच झालेली नाही. विषय संपला. (काका म्हणाले, सरकार लपवतंय. त्याला औषध नाही.)

तिसरं, जे होणार म्हणतात ते निसर्गात आधी कधी झालंय का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. १० सप्टेंबर २००८ आठवतोय? जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेत २७ किलोमीटरच्या गोल बोगद्यातलं, अणूहूनही बारीक कण एकमेकांवर आपटणारं ते मोठं यंत्र चालू होणार होतं, आणि आपल्या टीव्ही चॅनलवर दिवसभर पृथ्वी कृष्णविवरात गडप होताना दाखवत होते. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या दिवशी पोराला शाळेत पाठवलं नाही, म्हणाल्या सगळे एकत्र असलेलं बरं. सर्नच्या आवारात नटराजाची मूर्ती आहे ना, भारतानेच भेट दिलेली, २००४ पासून तिथे उभी आहे, तिचा फोटोही तेव्हा पुरावा म्हणून फिरला, बघा तांडव सुरू होणार म्हणून.

गंमत म्हणजे त्या दिवशी कणांची टक्कर व्हायचीच नव्हती, नुसता कणांचा झोत बोगद्यातून फिरवून बघणार होते. आणि नऊच दिवसांत यंत्रात बिघाड होऊन हेलियम गळलं आणि ते वर्षभराहून जास्त बंद पडलं. जग संपवणारं मशीन, आणि त्यालाच रिपेअरला टाकायची वेळ आली. पण खरं उत्तर त्यात नाहीये, ते असं की अवकाशातून येणारे वैश्विक किरण, म्हणजे तसलेच बारीक कण, याहून कितीतरी जास्त ऊर्जेने पृथ्वीच्या वातावरणावर, चंद्रावर, सूर्यावर कोट्यवधी वर्षं आपटतायत. अशा टकरीतून पृथ्वी गिळणारं काही तयार होणार असतं तर आपण हे बोलायला इथे नसतो. एकदम घट्ट उत्तर आहे हे, कारण यात शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवायची पण गरज नाही, रात्री वर बघा, चंद्र आहे ना जागेवर.

अडचण अशी की हा प्रश्न सगळीकडे चालत नाही. जिथे माणूस निसर्गात कधीच नव्हतं असं काहीतरी करतो तिथे चौथा प्रश्न लागतो, हिशोब कुणी केला आणि त्यात काय धरून चाललेत?

१९४२ मध्ये अमेरिकेत अणुबॉम्बवर काम करणाऱ्या एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञाने शंका काढली की अणुबॉम्बच्या उष्णतेने हवेतला नायट्रोजनच पेट घेईल आणि अख्खं वातावरण जळेल. त्याच्याच सोबतच्या हान्स बेथेने गणित मांडून दाखवलं की असं होणार नाही. तरीही १६ जुलै १९४५ च्या पहिल्या चाचणीआधी त्यांच्यातलाच एन्रिको फर्मी वातावरण पेटणार का यावर पैजा लावत होता, विनोद म्हणून, पण काय विनोद आहे राव. गणित बरोबर निघालं. मग १ मार्च १९५४, बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला, अंदाज होता साधारण ६ मेगाटनचा आणि निघाला १५ मेगाटन. का, तर त्यातला लिथियमचा एक प्रकार काहीच करणार नाही असं धरलं होतं आणि त्याने केलं. लांब समुद्रात असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर स्फोटाची किरणोत्सारी राख पडली आणि बोटीवरचे तेवीसच्या तेवीस जण आजारी पडले. दोन्ही वेळा माणसं जगातली सगळ्यात हुशार होती. म्हणून आता कुणी म्हणालं की धोका शून्य आहे, आम्ही गणित केलंय, तर मी विचारतो की काय गृहीत धरलंय ते सांगा. फायलीत पण असंच असतं, बेरीज कधी चुकत नाही हो, उत्पन्नाचा दाखलाच चुकीचा असतो.

पाचवं, आणि याच्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे आणि तो दाबायला वेळ किती मिळतो?

२६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोच्या दक्षिणेला एक बंकर, रात्रपाळीवर स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा लेफ्टनंट कर्नल. सायरन वाजतो, स्क्रीनवर लाल अक्षरं, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय. मग दुसरं, तिसरं, करत करत पाच. तीनच आठवड्यांपूर्वी रशियाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, वातावरण आधीच तापलेलं. सिस्टीम सांगतेय की खात्री एकदम पक्की. नियमाप्रमाणे त्याने वर कळवायचं आणि पुढचा निर्णय काही मिनिटांत. त्याने विचार केला की खरंच युद्ध सुरू करायचं असतं तर कुणी पाचच सोडून थांबेल का, आणि वर कळवलं की सिस्टीम बिघडलीय. त्याच्याकडे पुरावा नव्हता हां, मनातच धरलं होतं, खरं काय ते कळायला काही मिनिटं वाट बघत बसावं लागलं. नंतर निघालं की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला उपग्रहाने क्षेपणास्त्र समजलं होतं. बक्षीस दूरच, त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून त्याला बोलणी बसली. आपल्याकडच्या ऑफिसांची आठवण आली ना?

त्याआधी १९८० मध्ये अमेरिकेत उलटं झालं होतं, तिथे स्क्रीनवर रशियाची दोन हजारांवर क्षेपणास्त्रं दिसली आणि कारण निघालं ४६ सेंटची एक चिप. आणि हे सगळं जुनं, परदेशातलं वाटत असेल तर ९ मार्च २०२२ बघा. आपलं ब्राह्मोस चुकून सुटलं आणि थेट पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. नशीब त्यावर स्फोटकं नव्हती आणि कुणी दगावलं नाही, नंतर हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. त्या संध्याकाळी पलीकडे कुणीतरी स्क्रीनसमोर बसलेलं असणार आणि त्याच्याकडे पण काही मिनिटंच असणार. मला त्या दिवशी बातमीचं काहीच वाटलं नव्हतं, आयपीएल जवळ आलं होतं.

जगात आजही बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. १९८६ च्या सुमाराला ती सत्तर हजारांपर्यंत होती, म्हणजे कमी झाली आहेत हे खरं. पण २०२२ मध्ये "नेचर फूड" मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात हिशोब असा की भारत-पाकिस्तानात मोठं अणुयुद्ध झालं तर धुराने सूर्य झाकोळून पिकं बुडतील आणि जगभरात दोन अब्जांहून जास्त माणसं उपासमारीने जाऊ शकतील. याचा फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेला नाही. कृष्णविवराचे वीस आले.

आता ही पट्टी अण्णाकाकांच्या व्हिडिओला लावू. एआयने सगळे मरणार का काही? म्हणणारे "सगळे" म्हणतात. मे २०२३ मध्ये एका वाक्याचं निवेदन निघालं की एआयमुळे माणूसजात नष्ट होण्याचा धोका हा महासाथ आणि अणुयुद्धाच्या रांगेत धरा, आणि त्यावर सह्या होत्या जेफ्री हिंटन, डेमिस हसाबिस, सॅम ऑल्टमन यांच्या, म्हणजे ते बनवणाऱ्यांच्याच. हिंटन आणि हसाबिस दोघांना २०२४ मध्ये नोबेलही मिळालं. उलट त्याच क्षेत्रातला यान लकुन म्हणतो की हे सगळं अतिरंजित आहे. पाच वर्षंच का, याला व्हिडिओत काही आधार नव्हता, तो आकडा मी सरळ खोडला. निसर्गात आधी झालंय का, नाही. हिशोब, कुणाकडेच नाही, बेथेसारखं बसून गणित मांडता येईल असं सूत्रच नाही. ब्रेक, तो सध्या एकमेकांशी शर्यत लावलेल्या कंपन्यांच्याच पायाखाली आहे, आणि शर्यतीत ब्रेक कोण दाबतं. म्हणून माझ्याकडे याचा शेरा "प्रलंबित" असा आहे, खोटं म्हणून फेकता येत नाही आणि हप्ता थांबवण्याइतकं पक्कंही नाही.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी "सायन्स" मध्ये लिहिलं की आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलट्या रेणूंचे जिवाणू बनवू नका, कारण ते बनले आणि बाहेर पसरले तर आपल्या आणि झाडांच्या प्रतिकारशक्तीला ते ओळखूच येणार नाहीत अशी भीती आहे. असे जिवाणू बनवता यायला तेव्हापासून दहा वर्षं तरी लागतील असा त्यांचा अंदाज होता, आणि सही करणाऱ्यांत त्याच दिशेने काम करणारे काही जण स्वतः होते. वाचायला भयंकर आहे, पण मला इथे एआयपेक्षा कमी भीती वाटते, कारण गाडी सुरू व्हायच्या आधीच पाय ब्रेकवर आहे.

समजा भीती खरी निघाली तर पुढे काय? घरातला फ्रीज नवा असेल तर त्यावरचं स्टिकर वाचा, बहुतेक आर-६००ए लिहिलेलं असेल. ते आतल्या गॅसचं नाव. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा, आणि तो हवेत सुटला की वर जाऊन ओझोनचा थर खायचा. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं भोक पडल्याचं जाहीर झालं, १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, आणि हळूहळू जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या. भोक २०६६ च्या आसपास भरून येईल असा अंदाज आहे. कुणी फ्रीज सोडून माठावर गेलं नाही, गॅस बदलला. मेकॅनिकला विचारलं तर तो याच्याबद्दल फक्त एवढंच म्हणतो की नवा गॅस पेट घेतो, जरा जपून.

शेवटची सवय, फोनमध्ये एक नोट उघडा आणि प्रत्येक भीती तारीख घालून लिहा, काय होणार, कधीपर्यंत, कोण म्हणतंय. दर १ जानेवारीला उघडून बघा. माझ्या नोटमध्ये सर्न आणि फाइव्ह जी खोडलेले आहेत, अण्वस्त्रांच्या पुढे "चालू" आहे, उलटे जिवाणू २०३० ला परत बघायचे आहेत, आणि एआयपुढे अण्णाकाकांच्या व्हिडिओची तारीख आणि "पाच वर्षं" असं लिहून ठेवलंय. मावशीला सांगितलंय, हप्ता भर.